जुन्या ट्रॅक्टरचा श्वास

इ. स. १९४७ ते १९५२ या काळात अमेरिकेत फोर्ड कंपनीने ‘एट-एन’ नावाचे ५ लाखांहून अधिक ट्रॅक्टर बनविले. त्यांतील पुष्कळ आजही हौसेने जपले जातात. असे वृद्ध यंत्र कधी धाप लागल्यासारखे धडधडते, तर कधी नांगर जमिनीत शिरताच बंद पडते. ते निकामी ठरविण्यापूर्वी त्याचा कार्ब्युरेटर तपासणे इष्ट असते.

कार्ब्युरेटरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण होते. एंजिनाने ओढलेली हवा त्यातील अरुंद नळीतून जाताना तिचा वेग वाढतो व दाब घटतो. त्यामुळे शेजारच्या पात्रातील पेट्रोल बारीक छिद्रातून ओढले जाते आणि त्याचे तुषार हवेत मिसळतात. पेट्रोल पूर्णपणे जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे १५ पट हवा लागते. पेट्रोल अधिक झाल्यास काळा धूर निघतो, प्लगवर काजळी धरते व इंधन व्यर्थ जाते. ते कमी पडल्यास एंजिन अडखळते व फार तापते.

हे मिश्रण किती आत जावे, हे थ्रॉटल ठरविते. थ्रॉटल म्हणजे नळीत फिरणारी चकतीसारखी झडप होय. भार वाढून एंजिनाचा वेग मंदावला, की गव्हर्नर नावाचा भाग ही झडप आपोआप अधिक उघडतो. म्हणून त्या दोहोंना जोडणारी दांडी सहज हलली पाहिजे.

जुळणी करण्यापूर्वी हवेची गाळणी स्वच्छ करतात. एंजिन गरम झाल्यावर चोक पूर्ण उघडतात. मग यंत्र मंद गतीने चालू ठेवून त्या गतीच्या मिश्रणाचा स्क्रू हळूहळू फिरवितात. एंजिन अडखळले, की तो उलट दिशेने पुन्हा अडखळेपर्यंत फिरवितात. या दोन टोकांच्या मध्ये जेथे आवाज एकसारखा येतो, तेथे तो स्थिर करतात. नंतर थ्रॉटल एकदम उघडतात. एंजिन कचरले, तर मुख्य स्क्रू किंचित सैल करून पेट्रोल वाढवितात; काळा धूर आला, तर ते कमी करतात. स्क्रू जोराने आवळू नये. त्याचे सुईसारखे टोक बिघडते. एंजिनाच्या धुरात विषारी वायू असतो, म्हणून हे काम उघड्यावरच करावे.

स्क्रूचा पाव फेराही येथे पुरेसा ठरतो. ज्याच्या कानाला यंत्राचा आवाज कळतो व ज्याच्या हातात धीर असतो, त्याच्यापाशी जुने यंत्रही दीर्घकाळ सेवा करते.