दोन वर्षांच्या बोलीवर

२४ ऑक्टोबर १९९५च्या सकाळी राजस्थानातल्या नीम का थानापासून बंगालमधल्या डायमंड हार्बरपर्यंत एका अरुंद पट्ट्यात खग्रास सूर्यग्रहण दिसलं. महाराष्ट्रात ते खंडग्रासच होतं; पुष्कळांनी खिडक्या लावून घेऊन ते दूरदर्शनवर पाहिलं. सूर्याभोवतीचं पांढरं प्रभामंडल मिनिटभर दिसलं आणि मिटलं. ते ग्रहणाविना पाहता यावं म्हणून बर्नार लियो या फ्रेंच शास्त्रज्ञानं दुर्बिणीतच तबकडी बसवून कृत्रिम ग्रहण घडवण्याची युक्ती १९३०मध्येच काढली होती. पण आपली हवा सूर्यप्रकाश विखुरते, त्यामुळे जमिनीवरून या कोरोनाग्राफला फारसं दूरवरचं दिसत नसे.

त्या ग्रहणानंतर सहा आठवड्यांच्या आत, २ डिसेंबरला, फ्लोरिडातून ॲटलास रॉकेटनं ‘सोहो’ हे यान उडालं. युरोपीय अवकाश संस्था आणि नासा यांची ही भागीदारी. यानावर बारा उपकरणं, आणि कामाची मुदत दोन वर्षं.

पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेनं सुमारे पंधरा लाख किलोमीटरवर एल-१ हा बिंदू आहे. तिथलं यान पृथ्वीच्या बरोबरीनं सूर्याभोवती फिरत राहतं आणि त्याला रात्र कधी होत नाही. मात्र नेमकं त्या बिंदूवर थांबून चालत नाही, कारण पृथ्वीवरच्या ॲन्टेनाला मग यानाच्या पाठीमागे सूर्यच दिसेल आणि त्याच्या रेडिओ कोलाहलात यानाचा क्षीण आवाज बुडेल. म्हणून सोहो त्या बिंदूभोवती मोठी प्रदक्षिणा घालत राहतं.

सहा महिन्यांची प्रदक्षिणा, अखंड उजेड आणि नीरस वेळापत्रक. या यानाचा इतिहास असाच कंटाळवाणा राहायला हवा होता. २४ जून १९९८ला तो बिघडला. देखभालीच्या आज्ञांमध्ये चूक राहिली होती. यानाचं वळणं मोजणाऱ्या जायरोंपैकी एक थांबलेला होता आणि ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. उलट नीट चालणारा जायरो बिघडलेला समजून बंद करण्यात आला. थांबलेला जायरो ‘सगळं स्थिर आहे’ असं सांगत राहिला आणि यान भलतंच गरगरू लागलं. सौरपट्ट्यांची कड सूर्याकडे झाली, वीज गेली, संपर्क तुटला.

यानंतरचे तीन महिने हा या यानाच्या चरित्रातला सर्वांत वाचनीय भाग आहे. २३ जुलैला पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या ३०५ मीटरच्या थाळीतून रडारलहरी सोडल्या गेल्या आणि कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोनला त्यांचा प्रतिध्वनी ऐकू आला. यान जागेवर होतं, मिनिटाला साधारण एक गिरकी घेत होतं. प्रदक्षिणा जसजशी पुढे सरकली तसतसं सौरपट्ट्यांवर ऊन पडू लागलं. ३ ऑगस्टला काही सेकंदांचा संदेशध्वनी मिळाला. मिळेल तेवढी वीज साठवून बॅटऱ्या भरायच्या, मग टाकीत गोठलेलं हायड्रॅझिन इंधन वितळवायचं, मग नळ्या, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं. १६ सप्टेंबरला यानानं पुन्हा सूर्याकडे तोंड केलं.

नुकसान झालंच. लॅस्को या दुर्बीणसंचातला सूर्याच्या अगदी लगतचा भाग पाहणारा पहिला कोरोनाग्राफ कायमचा गेला. दोन जायरो गारठ्यात गेले होते, उरलेला तिसरा डिसेंबरमध्ये संपला. मग अभियंत्यांनी जायरोविना यान चालवण्याची नवी प्रणाली लिहून १९९९च्या फेब्रुवारीत वर पाठवली. २००३मध्ये मुख्य ॲन्टेना वळेनासा झाला, तेव्हा दर तीन महिन्यांनी अख्खं यानच उलटं करायचा तोडगा निघाला. नवीन यानांच्या जाहिराती खूप होतात. मला मात्र या दुरुस्त्यांचं कौतुक अधिक वाटतं.

कारण या यानाची खरी कमाई आहे ती सातत्याची. सूर्यावरच्या डागांची आवर्तनं सुमारे अकरा वर्षांची. १९९६, २००८ आणि २०१९ या तिन्ही वेळचा शांत सूर्य सोहोनं त्याच दुर्बिणींनी पाहिला. लॅस्कोच्या चित्रांत तबकडीच्या कडांभोवती सगळीकडून तेजाचं कडं फुगताना दिसलं की सूर्यावरून उसळलेला तो वायुलोट एकतर आपल्याकडे निघालेला असतो किंवा थेट उलट दिशेला. दुसऱ्या कॅमेऱ्यातून सूर्यबिंबावर स्फोट दिसला, तर तो आपल्याकडेच येतोय असं समजायचं. तो पोहोचायला एक ते तीन दिवस लागतात, आणि वीजजाळी व उपग्रह सांभाळणाऱ्यांना तेवढाच अवधी मिळतो. १४ जुलै २०००च्या स्फोटात भारित कणांच्या माऱ्यानं लॅस्कोची चित्रं पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेली, भर उन्हात बर्फ पडावं तशी.

याच चित्रांत सूर्याला घासून जाणारे धूमकेतूही दिसतात. बहुतेक हौशी लोकांनी शोधले, आणि २०२४मध्ये त्यांची संख्या पाच हजारांवर गेली. ते शोधायला सोहो मुळी पाठवलंच नव्हतं.

जानेवारी २०२४पासून एल-१ला आपलं ‘आदित्य’ हे यान आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेत घडलेली ‘सूट’ दुर्बीण त्यावरून अतिनील किरणांत सूर्यबिंब पाहते. हे किरण ओझोनमुळे जमिनीपर्यंत पुरेसे पोहोचतच नाहीत. बंगळुरूच्या संस्थेनं बनवलेला कोरोनाग्राफ सूर्याच्या कडेलगतचा भाग पाहतो, म्हणजे सोहोनं १९९८मध्ये गमावलेला टापू. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेचं अशा सौरस्फोटांचे इशारे देणारं नवं यानही कोरोनाग्राफ घेऊन त्याच दिशेनं उडालं. पण नव्या दुर्बिणीचे आकडे जुन्याशी ताडून पाहायचे, तर दोन्ही काही काळ एकाच वेळी चालू हव्यात. माझं मत विचाराल तर तेवढ्यासाठी सोहोला आणखी मुदत द्यावी.