सुरक्षिततेचे कुंपण कोठवर?

तर्कशास्त्राच्या जुन्या पाठशाळांतून वस्तूचे लक्षण कसे करावे हे शिकविताना गाईचे उदाहरण हटकून देत असत. 'कपिला वर्णाची ती गाय' असे म्हटले, तर पांढऱ्या व काळ्या गाई बाहेर राहतात. हा अव्याप्तीचा दोष. 'जिला शिंगे ती गाय' असे म्हटले, तर म्हैसही आत शिरते. हा अतिव्याप्तीचा दोष. आणि 'जिचा खूर दुभंगलेला नाही ती गाय' असे म्हटले, तर एकही गाय त्यात बसत नाही. त्याचे नाव असंभव. विद्यार्थी मित्रांना हा निव्वळ शब्दांचा खेळ वाटेल. परंतु एखाद्या कारखान्यात, रुग्णालयात किंवा शाळेत राबणाऱ्या माणसांच्या आरोग्याची व सुरक्षिततेची व्यवस्था लावावयाची असते, तेव्हा पहिले काम असते ते त्या व्यवस्थेची व्याप्ती ठरविण्याचे; आणि तेथे अव्याप्तीचा दोष राहिला, तर कोणाचा तरी हात जातो, नाही तर जीव.

व्यवस्था म्हणजे भिंतीवर टांगलेल्या वाळूच्या बादल्या नव्हेत. धोके कोठे आहेत ते शोधणे, ते शक्य तेथे मुळातच नाहीसे करणे, उरलेल्यांवर उपाय योजणे, माणसांना शिकविणे, अपघात झाल्यास त्याची नोंद व चौकशी करणे आणि वर्षाकाठी हे सारे पुन्हा तपासून पाहणे, या अखंड चक्राला व्यवस्था म्हणतात. हे चक्र कोणत्या जागेत, कोणत्या कामांना आणि कोणत्या माणसांसाठी फिरणार, याचे लेखी उत्तर म्हणजे व्याप्ती. जे या उत्तरात आले नाही ते पुढच्या एकाही पायरीवर येत नाही. ज्या गच्चीचे नावच यादीत नाही, तिचा कठडा मोडला आहे हे पाहावयास कोण जाणार?

आपल्या देशातील कायद्याचा इतिहास हा एका दृष्टीने या रेषेच्या सरकण्याचाच इतिहास आहे. मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली झाली. गिरण्या वाढल्या, आणि १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा झाला. धोक्याच्या यंत्रांना कठडे असावेत, सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, असे नियम त्यात होते. परंतु ते लागू होते यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना. चहा-कॉफीचे मळे व निळीचे कारखाने तर नाव घेऊनच वगळलेले. फिरत्या पट्ट्याला मात्र हजेरीपट वाचता येत नाही. अडकलेला हात नव्याण्णव माणसांच्या गिरणीतला आहे म्हणून तो थांबत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणीकामगारांना एकत्र आणून त्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली. १८९१ च्या कायद्याने शंभराचे पन्नास केले, १९२२ च्या कायद्याने वीस. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाने यंत्रशक्ती असल्यास दहा व नसल्यास वीस कामगार अशी मर्यादा घातली. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत कारखान्याच्या व्याख्येतील हे आकडे पुन्हा वर नेऊन अनुक्रमे वीस व चाळीस केले आहेत. लहान उद्योगांवरील कागदपत्रांचा भार हलका व्हावा, असे त्याचे समर्थन केले जाते. त्यात तथ्य असेलही. पण रेषा इतकी वर्षे ज्या दिशेने सरकत होती, तिच्या उलट दिशेने ती येथे सरकली, हे नोंदविल्यावाचून राहवत नाही.

कायद्याची रेषा ही किमान रेषा होय. तिच्या पुढे जाऊन संस्थेने स्वतः आपली व्याप्ती कशी आखावी, याविषयी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने मार्च २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ४५००१ क्रमांकाच्या मानकात एक स्वतंत्र कलमच आहे. त्याचा आशय मोठा मार्मिक आहे. संस्थेच्या ताब्यात असलेली आणि तिच्या प्रभावाखाली येणारी जी जी कामे माणसांच्या सुरक्षिततेवर परिणाम करू शकतात, ती सर्व व्याप्तीत आलीच पाहिजेत. अडचणीचे तेवढे वगळता येत नाही. 'कामगार' या शब्दाचा अर्थही तेथे उदार आहे. पगारी असो वा बिनपगारी, कायम असो वा हंगामी, संचालकापासून ठेकेदाराच्या माणसापर्यंत सारे त्यात येतात. म्हणून एखादा कारखाना दारावर प्रमाणपत्राची मोठी पाटी लावतो, तेव्हा जाणत्याने प्रथम त्या प्रमाणपत्रावरील व्याप्तीची बारीक अक्षरांतील ओळ वाचावी. कधी कधी प्रमाणपत्र असते मुख्य कचेरीचे, आणि भट्टी असते दहा कोस दूर!

आता एक दुःखद उदाहरण, आणि ते आम्हां इंदूरकरांना फार दूरचे नाही. भोपाळ येथे युनियन कार्बाइड कंपनीचा कीटकनाशके तयार करणारा कारखाना होता. तेथे मिथाइल आयसोसायनेट नावाचे अत्यंत विषारी द्रव्य टाक्यांत साठविलेले असे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री एका टाकीत पाणी शिरले, आतील द्रव्य तापले आणि सुमारे चाळीस टन विषारी वायू बाहेर पडला. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत गेला. कारखान्याच्या समोरच जयप्रकाश नगर ही गरिबांची वस्ती होती, जवळच काझी कँप व छोला. हजारो माणसे मेली. कित्येक हजारांचे डोळे आणि फुप्फुसे कायमची अधू झाली. मृतांमध्ये बहुसंख्य होते ते भिंतीबाहेरचे, ज्यांचा त्या कारखान्याच्या हजेरीपटाशी काडीचाही संबंध नव्हता. आत काय साठविले आहे, ते सुटले तर काय करावे, पळावे की ओले फडके तोंडाला लावून दार बंद करावे, यांतले काहीही त्यांना कोणी कधी सांगितलेले नव्हते. यंत्रे, तपासणी आणि देखभाल यांत त्या कारखान्याचे अनेक दोष होते व त्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु आपल्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पाहता, धोक्याची व्याप्ती कोसभर होती आणि काळजीची व्याप्ती भिंतीशी संपत होती, हा एकच दोष पुरेसा भयंकर आहे.

यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांविषयी एक नवे प्रकरण घातले गेले. अशा कारखान्याच्या भोगवटादाराने धोक्यांची व त्यांवरील उपायांची माहिती कामगारांना तर द्यावीच, पण स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेलाही द्यावी, असे बंधन त्यात आले. कायद्यातील रेषा भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या अंगणात गेली, ती अशी.

भिंतीच्या आतही पुष्कळ माणसे 'बाहेरची' असतात, ती ठेकेदारामुळे. एका संस्थेत इमारतीला रंग देताना बांबूच्या परातीवरून पडून एका रंगाऱ्याचा पाय मोडलेला मी पाहिला आहे. अपघातवहीत त्या दिवसाचे पान कोरे होते. विचारले, तेव्हा कारकुनाने शांतपणे सांगितले, "तो आपला माणूस नव्हता." गटारे व मैल्याच्या टाक्या साफ करणाऱ्यांची हीच कथा आहे. टाकीत साचलेला हायड्रोजन सल्फाइड वायू आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो आणि प्रमाण वाढले की वास घेण्याची शक्तीच मारतो. उतरलेला माणूस कोसळतो आणि त्याला काढावयास उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांवाचून अशा कामाला माणूस लावणे गुन्हा ठरविले आहे. अशा मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपये भरपाई ठरविली होती, ती २०२३ साली तीस लाख केली. तरीही माणसे उतरविली जातात, कारण 'ठेकेदाराचे काम' या दोन शब्दांत ती व्याप्तीबाहेर टाकलेली असतात.

अतिव्याप्तीविषयी थोडेच सांगणे पुरे. 'आमच्याशी संबंधित सर्वांची सर्वत्र सुरक्षितता' असे लिहिणाऱ्या संस्थेने वस्तुतः काहीच लिहिलेले नसते. असंभवाचे मासलेही मिळतात: तीन वर्षांपूर्वी बंद झालेला विभाग व्याप्तिपत्रात दिमाखाने नांदत असतो!

तालीम म्हणून आम्ही दहावीच्या वर्गात आपल्या शाळेचेच व्याप्तिपत्र करून पाहिले. इमारत, पटांगण, प्रयोगशाळा ही नावे लगेच आली. प्रयोगशाळेतील आम्लाच्या बाटल्या उतरविणारे शिपाईदादा मागाहून आठवले, माध्यान्ह भोजन शिजविणाऱ्या ताई त्याहून मागाहून, आणि पाण्याची टाकी धुण्यासाठी वर्षातून दोनदा येणारा माणूस एका मुलीने अगदी शेवटी सुचविला. सहलीची बस घ्यावी की नाही यावर वाद झाला; बस दुसऱ्याची असली तरी ती ठरवितो आपण, म्हणून ती आत घेतली. खरी अडचण आली फाटकाबाहेरच्या रस्त्याची. रस्ता नगरपालिकेचा, वाहने लोकांची. पण शाळा सुटण्याची घंटा आपली, आणि सातशे मुले एकाच क्षणी त्या रस्त्यावर सोडणारे आपणच. बऱ्याच चर्चेअंती मुलांनी लिहिले: 'फाटकासमोरील रस्ता, शाळा भरताना व सुटताना प्रत्येकी पंधरा मिनिटे.' मग कोणीतरी विचारले, तेथे उभे कोण राहणार, आणि ज्याला उभे करू त्याच्या सुरक्षिततेचे काय? त्याचे नावही यादीत घालावे लागले.