व्यक्तिरेखेचे वर्णन आणि संहितेतील आधार

कथेतील पात्राचे स्वभावचित्र रेखाटावयास सांगितले असता शालेय विद्यार्थी बहुधा विशेषणांची यादी देतात : प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी. ही विशेषणे चुकीची असतातच असे नाही. परंतु ती संहितेच्या वाचनातून आली की बाजारातील मार्गदर्शिकेतून, याचा उलगडा ‘कशावरून?’ असे विचारल्याखेरीज होत नाही.

साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मधील पोहण्याचा प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. पाण्याला भिऊन श्याम लपून बसतो; आई त्याला शोधून काढते, मारते आणि पोहावयास धाडते. ‘प्रेमळ’ हे विशेषण आधीच निश्चित करून बसलेल्या वाचकाला या मारापाशी अडखळावे लागते. प्रसंग वगळावा, की विशेषण तपासावे? पुढे मुलाच्या अंगावरील वळ पाहून आईचे डोळे भरून येतात. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळही व्यक्त होते. मार, अश्रू आणि बोलणे एकत्र वाचले म्हणजे ‘मुलाच्या भित्रेपणाला न जुमानणारे, पण त्याच्या वेदनेने व्याकूळ होणारे वात्सल्य’ असे अधिक नेमके विधान करता येते. आधार हा तयार मताला मागाहून जोडावयाचा दाखला नव्हे. तो मत घडवितो, प्रसंगी मोडतोही.

येथे निवेदकाचाही विचार आवश्यक ठरतो. प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना दिवंगत आईच्या आठवणी सांगत आहे. त्याने केलेला आईचा गौरव आणि आईची वर्णिलेली कृती यांना एकच मोल देता येत नाही. गौरवातून आईइतकाच, किंबहुना अधिक, श्याम कळतो.

अध्यापनात म्हणूनच क्रम बदलावयास हवा. प्रथम पात्र काय करते, काय बोलते आणि इतर त्याच्याविषयी काय म्हणतात, याच्या स्वतंत्र नोंदी कराव्यात. नंतर विशेषण सुचवावे. शेवटी त्या विशेषणात न बसणारा एखादा प्रसंग शोधावयास सांगावे. ही शेवटची पायरी सहसा गाळली जाते. वस्तुतः तिच्यामुळेच विद्यार्थ्याला शिक्षकाच्या मताशीही साधार मतभेद व्यक्त करता येतो. तो अधिकार त्याला मिळाला नाही, तर स्वभावचित्र हा केवळ पाठांतराचा प्रश्न उरतो.