मालवाहू जहाजे आणि समुद्राचा श्वास

मुंबईच्या गिरगाव भागात खोताची वाडी म्हणून एक जुनी वस्ती आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पाठारे प्रभू ज्ञातीतील एका खोताने येथील जमीन विकली आणि तीवर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी आपली घरे बांधली. लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने आणि उतरती कौलारू छपरे असलेली ही घरे एके काळी साठांहून अधिक होती; आज त्यांपैकी निम्मीही उरलेली नाहीत. वाडीतून पश्चिमेकडे चालत निघाले, की थोड्याच वेळात चौपाटी लागते. परंतु या भागाचे समुद्राशी असलेले नाते संध्याकाळी फिरावयास जाण्यापुरतेच नाही. जवळच धोबी तलावाच्या बाजूस गोव्यातील गावकऱ्यांनी आपापल्या गावच्या नावाने चालविलेले 'कूड' आहेत. एक सफर संपवून दुसऱ्या जहाजावर नोकरी मिळेपर्यंत गोव्याचे खलाशी या कुडांत राहत असत. व्यापारी जहाजांच्या येण्याजाण्यावर ज्यांचा संसार चालतो, अशी माणसे मुंबईला नवी नाहीत.

ही जहाजे कापूस, धान्य, तेल, मोटारगाड्या असा माल वाहून नेतात, हे आपणांस ठाऊक आहे. त्यांपैकी काही जहाजे मालाबरोबर आणखीही एक काम करतात. चालता चालता ती समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू किती आहे, हे मोजतात.

हा वायू मोजावयाचा कशासाठी? कोळसा, खनिज तेल इत्यादी इंधने जाळल्यामुळे हवेत कार्बन डायऑक्साइड वाढत आहे. १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने त्याचे नियमित मोजमाप सुरू केले, तेव्हा हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. या वायूच्या पांघरुणामुळे पृथ्वीची उष्णता अडून राहते. मनुष्याने हवेत सोडलेला सगळाच वायू जर हवेत राहिला असता, तर हा आकडा याहून पुष्कळ मोठा झाला असता. तसे झाले नाही, कारण त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र दरवर्षी आपल्या पोटात घेतो. समुद्राला याची किंमत मोजावी लागते. हा वायू पाण्यात मिसळला, की सौम्य आम्ल तयार होते. समुद्राचे पाणी मुळात किंचित अल्कधर्मी असते. तो अल्कधर्म आता कमी कमी होत चालला आहे आणि शिंपले, प्रवाळ यांसारख्या जीवांना आपली कवचे बांधणे त्यामुळे अवघड जाऊ लागले आहे.

तेव्हा समुद्र किती वायू घेतो, कोठे घेतो, आणि पुढेही असाच घेत राहील काय, हे प्रश्न कोणालाही उदासीन राहू देणारे नाहीत. पण पाण्यात विरघळलेला वायू डोळ्यांना दिसत नाही. तो मोजावयाचा कसा?

यासाठी सोड्याच्या बाटलीचे उदाहरण घेऊ. बंद बाटलीतील पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो आणि पाण्याच्या वरच्या मोकळ्या जागेतही तोच वायू असतो. पाण्यातून काही वायू वर जातो, वरून तितकाच पाण्यात परत येतो. दोहोंचा समतोल झालेला असतो. बूच काढताच वरचा दाब नाहीसा होतो, समतोल मोडतो आणि वायू फसफसून बाहेर पडतो. बाटली उन्हात तापलेली असेल, तर फसफस अधिकच होते. कारण ऊन पाण्यापेक्षा थंड पाणी हा वायू अधिक धरून ठेवते. समुद्र आणि त्यावरील हवा यांचा व्यवहारही असाच चालतो. ज्या ठिकाणी पाण्यातील वायूचा जोर हवेतील वायूहून कमी, तेथे समुद्र वायू आत घेतो. जेथे तो अधिक, तेथे बाहेर टाकतो. वारा जोराचा असला, की ही देवघेव वेगाने होते.

शास्त्रज्ञांनी याच समतोलाचा मोठ्या युक्तीने उपयोग करून घेतला आहे. जहाज पाण्यावर जेथपर्यंत बुडालेले असते, त्या रेषेच्या काही मीटर खाली त्याच्या अंगाला एक छिद्र असते. इंजिन थंड ठेवण्यासाठी जहाज समुद्राचे पाणी आत घेतच असते. त्यातलेच थोडे पाणी एका नळीने वळवून काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या एका बंद पात्रात सोडतात. स्नानगृहातील फवाऱ्याप्रमाणे ते तेथे बारीक धारांनी पडत राहते. पात्रात थोडीशी हवा कोंडलेली असते. पाणी सतत नवे येते, हवा मात्र तीच फिरत राहते. पाणी पुष्कळ आणि हवा थोडी. म्हणून काही मिनिटांतच त्या हवेतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण पाण्याशी जुळते. आता पाणी मोजण्याची गरजच उरली नाही. ती हवा मोजली की झाले! हवेतील पाण्याचा अंश काढून टाकून ती एका नळीतून नेतात व तिच्यावर अवरक्त किरण सोडतात. हा वायू त्या किरणांचा काही भाग गिळून टाकतो. जितका वायू अधिक, तितके किरण कमी पलीकडे पोहोचतात. त्यावरून वायूचे प्रमाण कळते.

ऐकावयास हे सोपे वाटते, पण खरी कसोटी बारीकसारीक गोष्टींत आहे. इंजिनाच्या खोलीत विलक्षण उष्णता असते. छिद्रापासून पात्रापर्यंत येता येता पाणी थोडेसे तापते. आणि पाणी एक अंश सेल्सिअसने तापले, तर वायूचा जोर सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. म्हणजे ४०० चा आकडा ४१६ दिसू लागेल, आणि वायू घेणारा समुद्र उगाचच वायू सोडणारा ठरेल! म्हणून पाणी जेथून आत येते तेथे एक आणि पात्रात एक असे दोन तापमापक बसवितात आणि दोहोंतील फरक हिशेबात धरतात. पाण्याची क्षारताही मोजावी लागते. शिवाय ज्यांतील वायूचे प्रमाण आधीच अचूक ठरविलेले आहे, अशा हवेच्या नळकांड्या यंत्राजवळ ठेवलेल्या असतात. दर काही तासांनी यंत्र ती ठाऊक असलेली हवा तपासते, म्हणजे त्याचा काटा भलतीकडे सरकला असल्यास लगेच उमजते. जहाजाच्या धुराड्यातून निघणाऱ्या धुरातही हाच वायू असल्यामुळे बाहेरची हवा मात्र जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाकडून लांब नळीने आणावी लागते.

हे सर्व काम यंत्र आपले आपण करते. दर दोन-तीन मिनिटांनी एक नोंद होते. तेवढ्या वेळात वेगवान जहाज दीड-दोन किलोमीटर पुढे गेलेले असते. जहाजावरील अभियंत्याने मधून मधून यंत्राकडे नजर टाकावी आणि गाळणी तुंबल्यास साफ करावी, इतकीच अपेक्षा असते. जहाज बंदरास लागले, की संस्थेचा माणूस येऊन रिकाम्या नळकांड्या बदलून जातो.

पण यासाठी मालवाहू जहाजच का? संशोधनासाठी मुद्दाम बांधलेल्या नौका आहेतच. तारो ताकाहाशी या शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये 'व्हीमा' नावाच्या अशाच एका संशोधन-नौकेवरून अटलांटिक महासागरात हा वायू मोजण्यास प्रारंभ केला व पुढे सारे आयुष्य या कामास वाहिले. संशोधन-नौका जे करू शकते, ते मालवाहू जहाजाच्या आवाक्यातले नाही. ती हवी तेथे थांबते, हजारो मीटर खोलीचे पाणी वर काढते. परंतु अशा नौका जगात थोड्या आणि त्यांचा खर्च फार. एखाद्या ठिकाणी ती आज गेली, तर पुन्हा केव्हा जाईल ते सांगता येत नाही. मालवाहू जहाज मात्र उन्हाळा, पावसाळा न पाहता त्याच वाटेने वर्षानुवर्षे ये-जा करते. समुद्राच्या ऋतूंचा हिशेब ठेवावयाचा तर असाच वाटसरू हवा.

ही कल्पना तशी जुनी आहे. जहाजांनी वारा व हवा यांच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवाव्यात, असे अनेक देशांनी १८५३ मध्ये ब्रसेल्स येथे भरलेल्या परिषदेत ठरविले होते. आपल्या हवामान खात्यालाही जहाजांकडून अशी निरीक्षणे मिळतात. याच परंपरेत १९९५ मध्ये 'स्काउग्रान' या मालवाहू जहाजावर जपान व कॅनडा यांच्या दरम्यान कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू झाली. पुढे मोटारगाड्या वाहून नेणाऱ्या 'ट्रान्स फ्यूचर ५' या जहाजाने जपानपासून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडपर्यंत हे काम केले. ताकाहाशी यांनी १९९७ मध्ये जगाचा नकाशा तयार केला, तेव्हा त्यांच्यापाशी सुमारे अडीच लाख नोंदी होत्या. २००९ च्या नकाशासाठी त्या तीस लाखांवर गेल्या. निरनिराळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून कोणालाही मोफत मिळतील असा संग्रह २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आज त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत.

या नकाशांवरून कळून आले, की सगळा समुद्र सारखा नाही. उत्तर अटलांटिकसारखे थंड समुद्र वायू भराभर आत घेतात; विषुववृत्ताजवळचा प्रशांत महासागर तो बाहेर टाकतो. आणि आपला अरबी समुद्र? गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९४ ते १९९७ या काळात 'सागर कन्या' या नौकेवरून त्याची मोजणी केली. तेव्हा असे आढळले, की अरबी समुद्राचा मोठा भाग हा वायू घेत नसून वर्षभर सोडत असतो, आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत सर्वांत अधिक सोडतो. ते वारे ओमान व सोमालियाच्या किनाऱ्याजवळचे वरचे पाणी दूर लोटतात आणि त्याची जागा घेण्यास खोलवरचे थंड पाणी वर येते. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतही त्या सुमारास खालचे पाणी वर चढते. मेलेल्या जीवांचे अवशेष खोल पाण्यात दीर्घकाळ कुजत राहिलेले असल्याने त्यात हा वायू भरपूर साठलेला असतो. हा निसर्गाचाच क्रम आहे. त्यात समुद्राचा दोष नाही. मात्र तापमान वाढत असता हा क्रम बदलत आहे काय, हे ठरविण्यासाठी दर वर्षाच्या नोंदी हव्यात.

नेमक्या त्याच फार थोड्या आहेत. जगाच्या त्या संग्रहाचा नकाशा उघडून पाहिला, तर उत्तर अटलांटिक व उत्तर प्रशांत महासागर जहाजांच्या रेषांनी भरून गेलेले दिसतात. हिंदी महासागर बराचसा कोरा आहे. सोमाली चाचेगिरीच्या वर्षांत तर अरबी समुद्रात संशोधनासाठी जाणेच धोक्याचे झाले होते. भर म्हणजे अलीकडच्या काही वर्षांत साऱ्या जगातच दरवर्षी येणाऱ्या नव्या नोंदींची संख्या घटली आहे.

चेन्नईहून अंदमानातील पोर्ट ब्लेअरला जाणाऱ्या प्रवासी जहाजांवरून आपल्या शास्त्रज्ञांनी बंगालच्या उपसागराचे निरनिराळ्या खोलींवरचे तापमान अनेक वर्षे मोजले आहे. त्यामुळे चालत्या जहाजावरून मोजणी करणे आपल्याकडे अपरिचित नाही. वायू मोजणाऱ्या यंत्राला जागा लागते ती एखाद्या कपाटाएवढी, आणि पाणी लागते ते नळाच्या एका धारेइतके. आषाढात मासेमारीच्या होड्या मुंबईच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि समुद्र खवळलेला असतो, त्याच दिवसांत तो सर्वांत अधिक वायू बाहेर टाकीत असतो. मुंबई बंदरातून आणि पलीकडच्या न्हावा-शेव्यातून मालवाहू जहाजे त्या दिवसांतही अरबी समुद्र ओलांडून पश्चिमेकडे जात असतात.