विट्याचं पाणी आणि समितीची सरासरी

ज्यांना कानात हेडफोन घालून बसायला वेळ नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे इकडं तिकडं झालं होतं ते जरा सरळ करून दिलंय.

विट्यात टेंभूच्या पाण्याचा विषय निघाला की नावं येतात ती आमदार, खासदार, मंत्री यांची. साहजिकच आहे, बॅनरवर तीच असतात. पण कराडजवळ कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं खानापूर-आटपाडीपर्यंत आणायला एवढी वर्षं का लागली, या गोष्टीत एक पात्र असं आहे ज्याचा फोटो कुठल्याच बॅनरवर नाही. ते म्हणजे सरकारला सल्ला देणारे तज्ज्ञ.

यांचं काम नेमकं काय? सचिव, कलेक्टर प्रशासन चालवतात आणि काही वर्षांनी त्यांची बदली होते. एखादा किचकट प्रश्न आला की सरकार बाहेरचे अर्थतज्ज्ञ, अभियंते बोलावतं आणि समिती नेमतं. समिती अहवाल देते, तिचं काम संपतं. शिफारस मानायची की कपाटात ठेवायची, ते सरकार ठरवणार. म्हणजे कागदावर तज्ज्ञाच्या हातात काहीच नाही. आता गंमत बघा.

१९८३ मध्ये राज्य सरकारनं वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. दांडेकर जन्मानं साताऱ्याचे, पुण्याच्या गोखले संस्थेत आयुष्य घालवलेले मोठे अर्थतज्ज्ञ. प्रश्न साधा होता: राज्याचा कोणता भाग मागं पडलाय? पण 'मागं' हे मोजायचं कशानं? समितीनं जिल्हा हे एकक धरलं. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा त्याखाली, त्याची तूट म्हणजे त्याचा 'अनुशेष'. १९८४ च्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला.

हिशेब चोख होता. विदर्भ-मराठवाड्याचं दुखणं खरंच होतं, ते आकड्यात मांडलं गेलं हे फार मोठं काम झालं. पण आपल्याकडं बघा. एकाच सांगली जिल्ह्यात वाळवा-मिरजेचा ऊस, आणि त्याच जिल्ह्यात खानापूर, आटपाडी, जत. एका घरात दहा घागरी भरलेल्या आणि शेजारी एकही नाही, तर सरासरी पाच. कागदावर कुणीच तहानलेलं नाही! जिल्ह्याच्या आकड्यात दुष्काळी तालुका असा बुडून जातो. विट्याची माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर का पांगली, हे त्या सरासरीला कुठून कळणार?

दांडेकरांचा अहवाल सरकारनं रीतसर स्वीकारलाच नाही. तरी मोजायची पद्धत टिकली. पुढं १९९४ मध्ये राज्यघटनेच्या कलम ३७१(२) खाली वैधानिक विकास मंडळं आली, दुसऱ्या समितीनं हिशेब नव्यानं केला, आणि २००१ पासून सिंचनाचा निधी विभागवार कसा वाटायचा याचे निर्देश राज्यपाल देऊ लागले. आपल्याकडच्या भाषणांत ऐकलं असेल ना, 'राज्यपालांचं सूत्र'? ते हेच. विटा पडलं 'उर्वरित महाराष्ट्रात', आणि त्या वाट्यातूनच टेंभू, ताकारी, म्हैसाळला पैसे मिळायचे. योजना रखडायला कारणं बरीच होती, सगळं खापर सूत्रावर फोडणं मला पटत नाही. पण दुष्काळी तालुक्यांना त्यातून वगळा ही मागणी उगाच झाली नव्हती.

तज्ज्ञ फक्त सरकारकडूनच असतो असंही नाही. खानापूर तालुक्यातच, येरळेवर, बलवडीचं बळीराजा धरण आहे. १९८० च्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतल्या लोकांनी ते उभं करायला घेतलं. नदीतली वाळू विकून पैसा उभा केला आणि के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते त्यांच्या बाजूनं उभे राहिले. इथं मोजायचं एकक जिल्हा नव्हतं, कुटुंब होतं. जमीन किती हे न बघता प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा हक्क, भूमिहीनांनासुद्धा. तेच अभियांत्रिकीचं ज्ञान, फक्त प्रश्न वेगळा विचारला.

आता थोडं आजचं. २००५ च्या कायद्यानं महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण झालं. इथले तज्ज्ञ अहवाल देऊन घरी जात नाहीत. जलसंपदा अभियांत्रिकी आणि पाण्याचं अर्थशास्त्र जाणणारी माणसं प्राधिकरणाची सदस्य असतात, आणि पाण्याचा ठोक दर तेच ठरवतात. २०२२ मध्ये राज्यानं 'मित्रा' ही संस्था काढली, नीती आयोगासारखी. शिवाय मुख्यमंत्री फेलोशिप आहेच, २१ ते २६ वयाच्या पदवीधरांसाठी. ऐकणाऱ्यांपैकी कुणी अर्ज केला असेल तर कळवा.

प्राधिकरणाबद्दल एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. दर ठरवण्याआधी त्यांना पाणी वापरणाऱ्यांचं म्हणणं ऐकावं लागतं, त्यासाठी हरकती मागवल्या जातात. ही सूचना निघते तेव्हा गावातल्या पाणी वापर संस्थेच्या ग्रुपवर तिचा फोटो आला का, तेवढं बघा.