तोतया विषाणूरोधक प्रणाली आणि घरगुती संगणक : स्वरूप व उपाय

प्रस्तावना :

जळगाव-भुसावळ महामार्गावरील नशिराबादसारख्या गावात संगणक आता शिक्षक, प्राध्यापक, व्यापारी अशा अनेकांच्या घरी पोहोचला आहे. एकाच यंत्रावर प्रबंधाची प्रकरणे, मुलांची छायाचित्रे आणि बँकेचे व्यवहार नांदत असतात. अशा घरात पडद्यावर एकाएकी लाल चौकट उमटते, भोंगा वाजतो आणि शेकडो विषाणू सापडल्याचे इंग्रजीत बजावले जाते. इंग्रजी सफाईने न वाचणाऱ्याला त्यातला केवळ लाल रंग आणि घाई एवढेच कळते. हा हल्ला प्रथम संगणकावर नव्हे, तर वापरणाऱ्याच्या भीतीवर होत असतो, आणि उपायाचा विचारही तेथूनच करावा लागतो.

स्वरूप व कार्यपद्धती :

तोतया विषाणूरोधक प्रणाली म्हणजे नसलेला रोग दाखवून औषधाचे पैसे घेणारा वैदू होय. २००५ च्या सुमारास 'विनफिक्सर', त्यानंतर 'एक्सपी अँटिव्हायरस' अशा नावांनी हा धंदा जगभर फोफावला. यांपैकी अनेक प्रणालींमागे असलेल्या 'इनोव्हेटिव्ह मार्केटिंग' या कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयीन आदेश मिळविला. दहा लाखांहून अधिक ग्राहक फसले असल्याचे आयोगाचे म्हणणे होते. २०१२ मध्ये या प्रकरणात १६ कोटी ३० लाख डॉलरचा निवाडा झाला.

या प्रणालींची युक्ती साधी होती. संकेतस्थळावर 'माय कॉम्प्युटर'च्या खिडकीसारखे दिसणारे चित्र दाखवायचे आणि त्यात तपासणीची पट्टी सरकवायची. प्रत्यक्षात कोणतेही संकेतस्थळ असे परस्पर घरच्या संगणकाची हार्डडिस्क तपासू शकत नाही. विंडोजच नसलेल्या मॅक संगणकावरही अशी पाने 'सी ड्राइव्ह'मध्ये विषाणू सापडल्याचे सांगत! हे एवढे तत्त्व लक्षात ठेवले तरी बहुतेक बनाव तेथेच उघडा पडतो. वापरणाऱ्याने घाबरून ती प्रणाली उतरवून घेतली, तर मात्र ती खऱ्या विषाणूरोधकाला अडविते, टास्क मॅनेजर उघडू देत नाही आणि 'पूर्ण आवृत्ती'साठी कार्डाचा क्रमांक मागत राहते.

खऱ्या प्रणालीचा प्रवास याहून निराळा असतो. पुण्यात यंत्रदुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी ग्राहकांच्या बिघडलेल्या संगणकांतील विषाणू काढता काढता १९९५ च्या सुमारास 'क्विक हील' विकसित केली. तेथे रोग आधी होता, औषध मागाहून आले.

पुढे या फसवणुकीचे रूप पालटले. आता चौकटीत दूरध्वनी क्रमांक असतो. पलीकडचा 'तंत्रज्ञ' दूरस्थ जोडणीची प्रणाली बसवून घेतो आणि संगणकाचा ताबा मिळवितो. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने 'ऑपरेशन चक्र-२' अंतर्गत देशभर टाकलेल्या छाप्यांत अशी बनावट साहाय्यकेंद्रेही होती. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत दूरध्वनी क्रमांक कधीही नसतो, हे त्या कंपनीनेच जाहीर केलेले आहे.

उपाययोजना :

चौकटीतील 'रद्द करा' हे बटणही दाबू नये. तेही चित्राचाच भाग असू शकते. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर बंद करावा. पुन्हा उघडताना जुनी पाने परत आणू नयेत. चौकट रोज कोपऱ्यात येत असेल, तर कधीतरी नकळत एखाद्या संकेतस्थळाला सूचना पाठविण्याची परवानगी दिली गेलेली असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ती काढून टाकता येते.

प्रणाली आत शिरली असल्यास प्रथम इंटरनेट तोडावे. विंडोज १० व ११ मध्ये अंगभूत असलेल्या डिफेंडरची 'ऑफलाइन' तपासणी विंडोज पूर्ण सुरू होण्यापूर्वीच चालते, त्यामुळे तोतया प्रणालीला तिला अडविता येत नाही. संकेतशब्द दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून बदलावेत.

येथे एका प्रचलित सवयीचा उल्लेख आवश्यक वाटतो. कोणताही बिघाड झाला की 'फॉरमॅट मारून द्या' असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात प्रबंध व छायाचित्रे तर जातातच, शिवाय तक्रारीसाठी लागणारा पुरावाही पुसला जातो. आणि पुष्कळदा त्या जागी अनधिकृत विंडोज बसविले जाते. म्हणजे दार दुरुस्त करताना कडीच काढून नेल्यासारखे होते.

पैसे गेले असतील तर वेळ निर्णायक ठरते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असल्यास बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, आणि कळविल्यानंतरचे बँकेचे, असे ठरविण्यात आले होते. म्हणून संकोचापोटी घरात गुपचूप बसण्यात गेलेला प्रत्येक तास महागात पडू शकतो. आधी बँकेला आणि लगोलग १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर कळवावे. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. तक्रारीसोबत चौकटीचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र, आलेला दूरध्वनी क्रमांक, व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि बँकेचा लघुसंदेश जोडावा.