एलएनजीचा सागरी प्रवास : विमा नुकसानीचा मिळतो, विलंबाचा नाही

कतारमधील रास लफान बंदरातून निघालेले एलएनजीवाहू जहाज होर्मुझची सामुद्रधुनी ओलांडून काही दिवसांत गुजरातमधील दहेजला पोहोचते. अंतर फार नसले, तरी या प्रवासामागे विम्याची मोठी व्यवस्था उभी असते. अपघात झाल्यास भरपाई कोणी द्यायची, हे तीत ठरलेले असते. मात्र कोणताही अपघात न होता जहाज नुसते अडकून पडले, तर वायूच्या खरेदीदाराच्या हाती फारसे काही लागत नाही.

नैसर्गिक वायू उणे १६२ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की त्याचा द्रव होतो आणि आकारमान मूळच्या सुमारे सहाशेव्या हिश्श्यावर येते. त्यामुळेच तो जहाजाने नेणे परवडते. १९५९ मध्ये ‘मिथेन पायोनियर’ या जहाजाने अमेरिकेतील लुइझियानाहून इंग्लंडमधील कॅनव्ही बेटावर असा माल प्रथम नेला. आज कतारची ‘क्यू-मॅक्स’ वर्गातील जहाजे एका फेरीत सुमारे २ लाख ६६ हजार घनमीटर एलएनजी वाहून नेतात.

सामान्य माणसाच्या मनात भीती असते ती स्फोटाची. वास्तविक द्रवरूपात हा वायू जळत नाही. गळती होऊन त्याची वाफ झाली आणि हवेतील तिचे प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले, तरच ती पेट घेते. अतिशीत द्रवाच्या स्पर्शाने साधे पोलाद ठिसूळ होऊन तडकते, हा दुसरा धोका. म्हणून टाक्यांसाठी अतिशीत तापमान सोसणारे खास धातू वापरतात आणि जहाजाला दुहेरी तळ असतो. १९७९ मध्ये ‘एल पासो पॉल कायसर’ हे भरलेले जहाज जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत खडकावर आदळले. तळ मोठ्या प्रमाणावर फाटला, पण टाक्यांतून गळती झाली नाही. सर्व माल दुसऱ्या जहाजावर उतरवून घेण्यात आला.

विमा एकाच पॉलिसीत सामावत नाही. जहाजाचा सांगाडा व यंत्रे यांचा विमा जहाजमालक घेतो. प्रदूषण, खलाशांची दुखापत, इतरांचे नुकसान यांची जबाबदारी ‘पी अँड आय क्लब’ नावाच्या जहाजमालकांच्या परस्पर विमा संस्था उचलतात. मालाचा विमा वेगळा असतो. प्रवासात दररोज थोडा वायू उकळून वाफ होतो. हे प्रमाण आधुनिक जहाजांत दिवसाला सुमारे ०.१ टक्का असते आणि बहुतेक जहाजे तीच वाफ इंधन म्हणून वापरतात. ही घट अपेक्षितच असल्याने तिची भरपाई मिळत नाही.

युद्धाची जोखीम या नेहमीच्या पॉलिसींतून वगळलेली असते. तिच्यासाठी स्वतंत्र विमा घ्यावा लागतो. लंडनच्या विमा बाजारातील ‘जॉइंट वॉर कमिटी’ धोकादायक सागरी क्षेत्रांची यादी ठेवते. मे २०१९ मध्ये फुजैराजवळ चार जहाजांवर हल्ले झाल्यानंतर या यादीतील आखाती क्षेत्र वाढवण्यात आले. अशा क्षेत्रात शिरण्यापूर्वी जहाजमालकाला जादा हप्ता भरावा लागतो. तो जहाजाच्या किमतीच्या टक्क्यांत आणि बहुधा सात दिवसांपुरता ठरतो. उदाहरणार्थ, जहाजाची किंमत २५ कोटी डॉलर आणि दर पाव टक्का धरला, तर एका फेरीचा जादा हप्ता ६ लाख २५ हजार डॉलर होतो. परिस्थिती बिघडली, तर विमा कंपनी अल्प मुदतीची नोटीस देऊन जुने दर रद्दही करू शकते.

हा भार कोणाच्या माथी पडतो, हे विक्रीच्या करारावर अवलंबून असते. ‘एफओबी’ पद्धतीत माल जहाजावर चढताच जोखीम खरेदीदाराकडे जाते. ‘डीईएस’ पद्धतीत तो खरेदीदाराच्या बंदरात पोहोचेपर्यंत विक्रेत्याकडे राहते. भारताची पेट्रोनेट कंपनी कतारकडून वर्षाला ७५ लाख टन एलएनजी एफओबी पद्धतीने घेत आली आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या नव्या करारानुसार २०२८ पासून वीस वर्षे तेवढाच पुरवठा डीईएस पद्धतीने व्हायचा आहे. त्यामुळे वाटेतील जोखीम विक्रेत्याकडे जाते, परंतु तिची किंमत तो दरात मिळवू शकतो.

विलंबाचा प्रश्न तरीही सुटत नाही. ब्रिटनचा १९०६ चा आणि भारताचा १९६३ चा सागरी विमा कायदा, दोहोंनुसार पॉलिसीत वेगळी तरतूद नसेल, तर केवळ विलंबामुळे झालेले नुकसान विमाकर्त्यावर बंधनकारक नसते. मालवाहू विम्याची प्रचलित कलमेही तेच सांगतात. आखातात कोंडलेले जहाज ठरावीक महिने सुटले नाही, तर अनेक युद्धजोखीम पॉलिसी ते गमावले असे मानून मालकाला भरपाई देतात. किनाऱ्यावर वायूची वाट पाहणाऱ्या खत कारखान्याला किंवा वीज प्रकल्पाला मात्र तसा आधार नाही. व्यापार खंडित झाल्यास भरपाई देणारी खास पॉलिसी घेता येते, पण त्यासाठी वेगळा हप्ता मोजावा लागतो.

या विलंबाची झळ महाराष्ट्रालाही लागू शकते, कारण दहेजहून उरणपर्यंत नळवाहिनी आलेली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळच्या टर्मिनलमध्ये तर लाटारोधक भिंत अपुरी असल्याने अनेक वर्षे पावसाळ्यात जहाजे लागतच नसत. म्हणूनच साठवणुकीच्या टाक्या, एकाहून अधिक देशांतून खरेदी आणि होर्मुझला वळसा घालून येणारा पुरवठा यांवरील खर्च हाही एक विमाच समजला पाहिजे. त्याचा हप्ता संकट येण्यापूर्वीच भरावा लागतो.